वस्तादापासून डब्यापर्यंत



मोहन्यात बोलावयास उभे राहिले की एन.आर.सी.चे नाव टाळता येत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास उभ्या राहिलेल्या या रेयॉनच्या कारखान्याने उल्हास नदीच्या काठच्या या गावाला दोन पिढ्या पोसले; २००९ साली त्याची दारे बंद झाली आणि गावाचा सगळा हिशेब बदलला. तेथे व्हिस्कोज रेयॉन तयार होत असे. या धंद्यात कार्बन डायसल्फाइड नावाचे एक द्रव्य लागते. ते हवेत मिसळते, डोळ्यांना दिसत नाही, आणि थोडथोडे करून वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेले तर मज्जातंतूंना इजा करते. म्हणून जगात जेथे जेथे रेयॉन होते तेथे तेथे हवेत ते किती आहे हे मोजीत राहावे लागते. ‘काय आहे?’ या प्रश्नाइतकाच ‘किती आहे?’ हा प्रश्न मोठा असतो, ही गोष्ट रेयॉनच्या गावाला निराळी शिकवावी लागू नये. तरीही ती शिकवावी लागते असा अनुभव आहे, म्हणूनच आजचा विषय आम्ही निवडला.

आमच्या परिचयाचा एक मुलगा आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. वडील कारखान्यात होते. कारखाना बंद झाल्यावर मिळतील ती कामे करून त्यांनी घर चालविले. मुलगा विशीतला, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे धावावयाचे, दिवसा एका दुकानात काम, संध्याकाळी जिम. तेथे कोणीतरी त्याला व्यायामापूर्वी घ्यावयाची एक भुकटी दिली. डब्यावर एक चमचा लिहिलेला होता. याने तीन घेतले, तेही पाण्यावाचून, कोरडेच तोंडात टाकून. ‘असे घेतले की लवकर चढते’ असे त्याला सांगण्यात आले होते. रात्री छाती धडधडू लागली, हातपाय कापू लागले. आईने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, ‘काय औषध घेतलेस?’ तो म्हणाला, ‘औषध काहीच नाही घेतले डॉक्टर, नुसता आहार आहे तो.’

मुलगा बरा झाला. परंतु त्याचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. तो खोटे बोलत नव्हता. तो मूर्खही नव्हता. भरतीच्या लेखी परीक्षेचे गणित तो आमच्यापेक्षा लवकर सोडवितो. मग शिकलासवरलेला तरुण, ज्याला दुकानातल्या मालाची मुदत पाहण्याची सवय आहे, तो स्वतःच्या पोटात जाणाऱ्या वस्तूविषयी ‘किती?’ आणि ‘कोणाच्या शब्दावर?’ हे दोन प्रश्न का विचारीत नाही? याचे उत्तर आजच्या पिढीच्या उतावळेपणात शोधणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. उत्तर शोधावयाचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

महाराष्ट्रातील शक्तिसाधनेचे जुने घर म्हणजे तालीम. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास कुस्तीची पंढरी बनविले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. या थोर नावांच्या खाली गावोगावच्या तालमी होत्या. लाल माती, तिच्यात मुरविलेले ताक, तेल आणि हळद, कोपऱ्यात मारुती, आणि या सर्वांवर एक वस्ताद. जोर किती मारावयाचे, बैठका किती काढावयाच्या, हे वस्ताद सांगे. आणि खुराकही वस्तादच सांगे. दूध किती, तूप किती, बदाम किती, थंडाई कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे तो पोराकडे पाहून ठरवी. ज्याचे अंग अजून तयार नाही त्याला तो तुपाची वाटी देत नसे. आज ज्याला आपण पूरक आहार म्हणतो ती कल्पना म्हणून नवी नाही. रोजच्या जेवणाहून काही अधिक खाऊन अंग कमवावे, ही इच्छा तालमीइतकीच जुनी आहे.

तालमीचे आम्ही पोवाडे गाणार नाही. वस्तादाचे ज्ञान परंपरेचे होते, तपासलेले नव्हते. खुराकाच्या नावाखाली अतिरेक चाले, पोट बिघडेपर्यंत तूप पाजण्यात पराक्रम मानला जाई. शिवाय दूध-बदामाचा खर्च गरिबाच्या पोराला झेपत नसे, त्याला राजाश्रय तरी लागे किंवा उपास तरी. स्त्रियांना तालमीचे दार जवळजवळ बंदच होते. हे सर्व खरे. पण एक गोष्ट तालमीत होती : खुराक सांगणारा माणूस आणि त्याचा परिणाम पाहणारा माणूस एकच होता. पोर आज दिलेले पचवून उद्या पुन्हा त्याच मातीत उतरे. तो सुकला, सुजला, दमला तर ते वस्तादाच्या डोळ्यांदेखत होई, आणि त्याचा बोल वस्तादाला लागे. सल्ल्यामागे एक जबाबदार चेहरा होता.

दुसरी गोष्ट वेळेची. लोकमान्य टिळकांची हकीकत आपणा सर्वांस ठाऊक आहे. १८७३ साली ते डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले आणि अभ्यासातील ते वर्ष जाऊ दिले. ही गोष्ट आपण मुलांना व्यायामाचे महत्त्व पटविण्यासाठी सांगतो. तिच्यातील दुसरा अर्थ सहसा सांगत नाही : शरीर घडविण्यास वर्ष लागते, हे त्या काळी गृहीत होते, आणि ते वर्ष देण्याची तयारी होती. आज कोणता बाप मुलाला असे वर्ष देईल? मुलाला तीन महिन्यांत भरती आहे, सहा महिन्यांत मुलाखत आहे, आणि उन्हाळ्यात भावाचे लग्न आहे.

या जुन्या घराला पहिला धक्का एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसला. १८५७ नंतर इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदी लोकांची ‘लढाऊ’ आणि ‘बिनलढाऊ’ अशी वाटणी केली. आपले शरीर दुबळे आहे म्हणून आपले राज्य गेले, हा विचार सुशिक्षितांच्या मनात खोल रुतला. व्यायामाला राष्ट्रकार्याचे रूप आले, हे उत्तम झाले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये निघाले ते याच प्रेरणेतून. पण त्याबरोबर एक न्यूनगंडही आला. अंग कमावणे म्हणजे कमीपणा भरून काढणे, असा अर्थ त्याला चिकटला. आणि ज्याला आपल्यात काही उणे आहे असे वाटते, तो औषध विकणाऱ्याचा पहिला गिऱ्हाईक असतो.

नेमक्या या वेळी युजीन सँडो आला. सँडो हा जर्मनीत जन्मून लंडनमध्ये नाव मिळविलेला पहिलवान. तत्पूर्वीचे पहिलवान वजन उचलून दाखवीत. सँडोने नुसते उभे राहून शरीर दाखविले, आणि लोकांनी त्यासाठी तिकिटे काढली. त्याची छायाचित्रे जगभर विकली गेली. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात आला, मुंबईसही आला. छायाचित्राने एक मोठा फरक केला. तालमीतल्या पोरापुढे नमुना होता तो शेजारच्या पहिलवानाचा. तो पहिलवान आजारी पडलेला, म्हातारा होत चाललेलाही त्याला दिसे. छायाचित्रातील शरीर आजारी पडत नाही, म्हातारे होत नाही, आणि ते घडण्यास किती वर्षे लागली हेही सांगत नाही.

सँडोचा प्रभाव किती होता, हे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या उदाहरणावरून दिसते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतांनी १८९७ च्या सुमारास सँडोची उपकरणे आणि पुस्तके आणविली आणि जवळजवळ दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सल्ल्याने १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्यांनी नमस्काराचा प्रसार घरोघरी केला. हे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. त्यांनी परदेशी पद्धती आंधळेपणाने टाकली नाही आणि आंधळेपणाने धरलीही नाही. स्वतःवर दहा वर्षे अजमावली आणि मग निवड केली. मात्र हे ध्यानात ठेवावे की ते राजघराण्यातले होते, त्यांना दहा वर्षे होती.

सँडोने पुढे आपल्या नावाचा कोकोही विकावयास काढला. तो धंदा पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडाला; पण शरीर दाखवावे आणि डबा विकावा, ही जोडी मात्र त्यानंतर कधी बुडाली नाही. त्याच काळात मुंबईच्या वृत्तपत्रांतून सॅनॅटोजेन नावाच्या जर्मन शक्तिवर्धक भुकटीच्या जाहिराती येऊ लागल्या. थकलेला कारकून, अभ्यासाने शिणलेला विद्यार्थी, सर्वांना ती भुकटी नवा जोम देणार होती. या भुकटीत होते काय? शेकडा पंचाण्णव भाग केसीन, म्हणजे दूध नासविले असता जो चोथा निघतो त्यातील प्रथिन, आणि उरलेला भाग एक फॉस्फरसयुक्त क्षार. गाईम्हशींच्या देशात बर्लिनहून डब्यात भरून दुधाचा चोथा येत होता आणि आपण तो सोन्याच्या भावाने घेत होतो!

आजचा ‘व्हे प्रोटीन’चा डबा म्हणजे त्याच दुधाची दुसरी बाजू होय. चोथा काढल्यावर जी निवळी उरते, जी एके काळी चीज करणारे फेकून देत, तिच्यातील प्रथिन गाळून, वाळवून ही भुकटी करतात. ती विष नाही. शुद्ध असेल आणि प्रमाणात घेतली तर निरोगी माणसाला ती दुधासारखीच पचते. आमचे भांडण भुकटीशी नाही. भांडण आहे ते ‘शुद्ध असेल’ आणि ‘प्रमाणात’ या दोन शब्दांशी, कारण तालमीत ज्या माणसाकडे हे दोन शब्द होते तो माणूस डब्यात येत नाही.

हा प्रश्न सरकारलाही पडला होता. बाजारातील भेसळीच्या आणि कमी गुणाच्या औषधांची चौकशी करण्यासाठी १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली दोन कायदे एकदम झाले. एक अन्नातील भेसळीविरुद्ध. दुसरा औषधांच्या आणि जादूटोण्याच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध. ‘गेलेली शक्ती परत मिळवा’ असल्या जाहिरातींना या दुसऱ्या कायद्याने बंदी केली. औषधवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ च्या डिसेंबरात न्यायालयाने हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात कायद्यातील काही भाग घटनाबाह्य ठरविला, पण असल्या जाहिराती म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, ही गोष्ट स्पष्ट केली.

या कायद्यांनी पुष्कळ चांगले केले. परंतु त्यांनी जगाचे दोन भाग केले : हे अन्न, ते औषध. अन्नासाठी एक कायदा, औषधासाठी दुसरा. आणि आजचा डबा या दोन भिंतींमधल्या बोळातून आला. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशा पदार्थांना अन्नाच्या बाजूस बसविले. विकण्यापूर्वी त्यांची सुरक्षितता सरकारला पटवून देण्याची अट, नव्या घटकांचा अपवाद सोडल्यास, राहिली नाही. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात आणि त्याखालील २०१६ च्या नियमांत पूरक आहाराची व्याख्या झाली, आणि डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे भाग पडले. हे सावधगिरीचे शब्द आहेत. पण आमच्या त्या मुलाने त्यांचा अर्थ काय लावला? ‘औषध नाही, म्हणजे धोका नाही.’ कायद्याने लावलेली ताकीद तरुणाने अभयपत्र म्हणून वाचली.

आता या गोष्टीची काळी बाजू पाहू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन वापरीत. तेथील कामगारांना घाम सुटे, ताप चढे, वजन उतरे, काही मेलेही. कामगारांचा हा रोग पाहून १९३३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी ते रसायन वजन कमी करण्यासाठी देऊन पाहिले. चरबी खरोखरच वितळली. हजारो लोकांनी ते घेतले. कित्येकांना मोतीबिंदू झाले, काही आतल्या आत उष्णतेने भाजून मेले. १९३८ च्या कायद्यानंतर ते मनुष्याच्या उपयोगातून हद्दपार झाले. गोष्ट येथे संपावयास हवी होती. ती संपली नाही. २०१९ च्या जानेवारीत आपल्या ठाणे शहरात एका तरुणीच्या मृत्यूच्या बातमीत त्याच रसायनाचे नाव छापून आले. कारखान्यातील कामगारांच्या मरणावरून ज्याचा गुण कळला ते द्रव्य शंभर वर्षांनी आपल्या दारात गोळीच्या रूपाने आले.

दुसरी कथा संप्रेरकांची. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार करण्यात १९३५ मध्ये यश आले. त्या कामाचा वाटा असलेल्या शास्त्रज्ञांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये डायनाबॉल या नावाने त्याच कुळातील एक गोळी बाजारात आली. ती रोग्यांसाठी होती. अमेरिकेतील झीग्लर नावाच्या डॉक्टरांनी ती वजन उचलणाऱ्या खेळाडूंना थोड्या मात्रेत दिली. खेळाडूंनी काय केले? सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या घेतल्या. डॉक्टरांना पुढे जन्मभर त्याचा पश्चात्ताप झाला. त्या डायनाबॉलचे शास्त्रीय नाव मेथॅन्डायनोन. २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकपूर्वी तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांच्या तपासणीत हेच द्रव्य निघाले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांनी सांगितले. देशातील समितीने ते मान्य केले, क्रीडा लवादाने मान्य केले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. खरे काय, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी पदक आणले तेव्हा प्रवासाचे पैसे कोठून आणावे ही काळजी होती. चौसष्ट वर्षांनी आपल्या मल्लाला आपल्या ताटात काय पडले आहे याची काळजी करावी लागली. एवढा फरक लक्षात घेतला तरी पुरे.

ही संप्रेरके आपल्या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तरी ती मिळतात, आणि पुष्कळदा डब्यापाठोपाठच मिळतात. आधी भुकटी, मग ‘जोर देणारी’ भुकटी, मग गोळी, मग सुई. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा थोडीच उंच असते, म्हणून चढणाऱ्याला उंची कळत नाही. यकृत बिघडणे, हृदयाचे स्नायू जाड होणे, रक्तदाब चढणे, शरीराचे स्वतःचे संप्रेरक बंद पडून वंध्यत्व येणे, हे त्याचे परिणाम. पुरुषत्व वाढविण्यासाठी घेतलेल्या वस्तूने पुरुषत्वच जावे, याहून क्रूर थट्टा कोणती?

आणि जे डबे उजळ माथ्याने विकले जातात त्यांचे काय? २०२४ मध्ये आपल्याच देशातील डॉक्टरांनी बाजारातील ३६ प्रथिन-भुकट्या तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे शेकडा ७० डब्यांत लिहिल्याप्रमाणे प्रथिन नव्हते. कित्येकांत लिहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होते. शेकडा १४ नमुन्यांत बुरशीचे विष आढळले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात अंग भरण्यासाठी प्रथिन-भुकट्या घेऊ नयेत असा स्पष्ट सल्ला दिला. म्हणजे चोप्रा समितीला १९३१ मध्ये जे आढळले तेच पुन्हा आढळले : छापलेला शब्द एक, आतला माल दुसरा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तरुण हे का करतो? इतिहास पाहिल्यावर आम्हांस चार कारणे दिसतात.

पहिले कारण वेळेचे. येथला तरुण सकाळची लोकल पकडून ठाण्याला किंवा मुंबईला जातो, वडापावावर दुपार काढतो आणि रात्री नऊला जिममध्ये शिरतो. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावावयाचे आणि गोळा फेकावयाचा असतो. एकेका गुणावर नोकरी अडते. गिरण्या गेल्या, कारखाने गेले. ज्या घरात वडिलांची नोकरी एका रात्रीत गेली त्या घरातील मुलाला भरतीचा एक दिवस म्हणजे सारे आयुष्य वाटले तर नवल नाही. अशा मुलाला डबा वेळ विकतो. तो घाई करतो कारण त्याला घाई करावयास लावलेली आहे.

दुसरे कारण चित्राचे. सँडोची छायाचित्रे विकत घ्यावी लागत. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनवर शेकडो सँडो फुकट येतात. त्यांतील कोणी काय घेतले आहे हे चित्र सांगत नाही. मुलगे दंड पाहतात, मुली कंबर पाहतात, आणि दोघेही आरशात स्वतःला उणे पाहतात. इंग्रजांनी दिलेला न्यूनगंड गेला असे आपण समजतो. त्याने फक्त मालक बदलला.

तिसरे कारण मापाचे. ‘एकाने गुण येतो तर तिघांनी तिप्पट येईल’ हा हिशेब दुकानात खरा असतो, शरीरात खोटा असतो. प्रथिनाची रोजची गरज शरीराच्या एका किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास. कष्टाचा व्यायाम करणाऱ्याला काही अधिक. त्यापुढचे शरीर साठवून दंडात घालीत नाही. अ आणि ड जीवनसत्त्वे तर चरबीत साठतात. ती महिनोन् महिने मात्रेबाहेर घेतली तर यकृत, मूत्रपिंड यांना भोगावे लागते. ज्याच्या मूत्रपिंडात आधीच लपलेला दोष आहे त्याला प्रथिनाचा भार झेपत नाही, आणि दोष आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. वस्ताद पोराचा चेहरा पाहून माप बदली. डब्यातील चमचा सर्वांसाठी सारखाच असतो.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते ऐकताना आपणांस थोडे अवघड वाटेल. हे वळण आम्ही थोरांनीच त्यांना लावले. २०२० च्या साथीत आपल्या घराघरांतून गुळवेलीचे काढे किती प्यालो याचे माप कोणी ठेवले होते काय? ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ असे आपणच म्हणत होतो. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वनस्पतीची नीट ओळख पटविलेली नव्हती असा त्यांचा आक्षेप होता. वाद वैद्यांनी आणि डॉक्टरांनी मिटवावा. आमचा मुद्दा एवढाच की मात्रा आणि ओळख हे दोन्ही प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनीही विचारले नव्हते. टॉनिकची बाटली कपाटात ठेवणारे, शेजाऱ्याची गोळी ‘आम्हांला मानवली’ म्हणून देणारे, चिठ्ठीवाचून दुकानातून औषध आणावयास मुलालाच पाठविणारे आपणच. ‘नुसता आहार आहे’ हे वाक्य त्या मुलाने जिममध्ये ऐकले असेल, पण त्याच्यावर विश्वास ठेवावयास तो घरी शिकला.

मग करावयाचे काय? तालमी पुन्हा उघडा, असा उपदेश आम्ही करणार नाही. गेलेला काळ परत येत नाही, आणि यावा असेही सर्वस्वी नाही. पण तालमीतील जी एक चांगली गोष्ट, सल्ल्यामागचा जबाबदार चेहरा, ती पुन्हा उभी करता येते. जिम चालविणाऱ्याने डबा विकू नये; जो शिकवितो त्याला विक्रीचा नफा नसावा, एवढा एक नियम गावातील जिमांनी आपण होऊन पाळला तरी अर्धे काम होईल. डबा घ्यावयाचाच असेल तर त्यावरचा चौदा आकडी परवाना-क्रमांक पाहावा, पावती घ्यावी, आणि आधी एकदा डॉक्टरांकडून रक्त-लघवी तपासून घ्यावी. बिनलेबलाची पुडी, अनोळखी गोळी आणि कोणतीही सुई यांना मात्र सरळ नकार द्यावा.

आणि खुराकाचे म्हणाल तर तो या गावाच्या जवळच आहे. आगरी-कोळ्यांच्या घरातील सुकट आणि सुके बोंबील यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिन असतो. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि चणे, डाळ, उसळ, दोन अंडी, दही, यांनी साठ किलोच्या मुलाचे माप सहज भरते, आणि डब्याच्या किमतीत घरादाराचे भरते. मुलांना हे ठाऊक नाही असे नाही. मासळीच्या वासाला जाहिरात नाही, एवढेच.

शेवटी त्या मुलाविषयी. बरा झाल्यावर त्याने उरलेला डबा वडिलांसमोर ठेवला. वडिलांनी तो उलटून पालटून पाहिला. त्यांना इंग्रजी फारसे वाचता येत नाही. कारखान्यात असताना मापाचे आकडे मात्र ते रोज वाचीत. त्यांनी रागावण्याऐवजी एकच गोष्ट विचारली : ‘यात काय किती आहे, हे तुला कोणी मोजून दाखवले?’ मुलाजवळ उत्तर नव्हते. मित्रहो, तो प्रश्न त्या बापाने डबा रिकामा होत आल्यावर विचारला. आपण तो आपापल्या घरी डबा उघडण्यापूर्वी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.